ई-मेलची सेटिंग्ज पुनःपुन्हा का बदलतात?

सुरतच्या रिंगरोडवरील कापडबाजारातून देशभर माल रवाना होतो. मालाच्या आधी पत्र जाते व त्यात भाव, देयक आणि बँक खात्याचा क्रमांक असतो. हा पत्रव्यवहार आज बहुतांशी ई-मेल व मोबाइलवरून चालतो. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील जे बंधुभगिनी पेढ्यांमध्ये हिशेब व पत्रव्यवहार सांभाळतात, त्यांना एक अडचण अधूनमधून भेडसावते. पत्राखालील सहीत पेढीचा नवा पत्ता घालावा, सर्व्हरचे नाव दुरुस्त करावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो सारे पूर्ववत झालेले!

अशा वेळी पुनःपुन्हा तीच दुरुस्ती करीत राहणे व्यर्थ होय. आपण लिहिलेल्या नोंदीवर नंतर कोणीतरी दुसरी नोंद लिहीत असते. तो शेवटचा हात कोणाचा, हे शोधणे हाच खरा उपाय आहे आणि सेटिंग केव्हा उलटते, यावरून तो हात बहुधा ओळखता येतो.

याकरिता आधी सर्व सेटिंग्ज कागदावर उतरवून घ्यावीत. त्यानंतर एकच सेटिंग बदलावे, प्रोग्राम पूर्णपणे बंद करावा व पुन्हा उघडून पाहावे. बदल तेवढ्यातच गेला, तर दोष बहुधा प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलीत असतो. उदाहरणार्थ, थंडरबर्ड हा प्रोग्राम आपली सेटिंग्ज ‘प्रेफ्स.जेएस’ या फाइलीत ठेवतो. ती फाइल केवळ वाचनापुरती खुली असल्यास किंवा डिस्क भरलेली असल्यास बदल टिकत नाही. त्याच फोल्डरमध्ये ‘यूजर.जेएस’ ही फाइल असेल, तर तिच्यातील नोंदी प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताच पुन्हा लागू होतात.

संगणक बंद करून सुरू केल्यावरच बदल जात असेल, तर डिस्क मूळ स्थितीत आणणारी व्यवस्था बसविलेली आहे काय, हे विचारावे. अनेकांच्या वापरातील संगणकांवर ती मुद्दाम बसवितात. कार्यालयीन जाळ्यातील विंडोज संगणकांवर मध्यवर्ती धोरण साधारणतः ९० ते १२० मिनिटांनी ताजे केले जाते. दीड-दोन तासांनी सेटिंग उलटत असेल, तर जाळ्याच्या व्यवस्थापकास भेटावे.

पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जात असेल, तर कारण निराळे असू शकते. केवळ पासवर्डवर प्रवेश देण्याची जुनी पद्धत गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या एक्सचेंज ऑनलाइन सेवेत ती बंद करण्यास आरंभ केला. अशा ठिकाणी जुना प्रोग्राम अद्ययावत करून खाते नव्या पद्धतीने जोडणे इष्ट ठरते.

या सर्वांहून गंभीर अशी एक शक्यता उरते. संगणक बंद असतानाही खात्यात बदल होत असेल, तर तो सर्व्हरवर होत आहे. आपल्याच दुसऱ्या संगणकाने किंवा मोबाइलने तो केला असेल, अथवा एखाद्या परक्या व्यक्तीने. भामटे इसम खात्यात शिरून आलेली पत्रे गुपचूप अन्य पत्त्यावर वळविण्याचा नियम घालून ठेवतात आणि देयकाच्या सुमारास बँक खात्याचा खोटा क्रमांक कळवितात. नुसता पासवर्ड बदलल्याने हा नियम नाहीसा होईलच असे नाही. म्हणून ब्राउझरमधून खाते उघडून पत्रे वळविण्याचे व गाळण्याचे सर्व नियम तपासावेत, अनोळखी नियम काढावेत, पासवर्ड बदलावा, इतर सर्व उपकरणांवरील प्रवेश रद्द करावा व दुपदरी पडताळणी सुरू करावी.

ई-मेलने खाते क्रमांक बदलल्याचे कळल्यास पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनीवर प्रत्यक्ष बोलून खातरजमा केल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम थोपविण्याची शक्यता अधिक. सेटिंग उलटणे ही किरकोळ कटकट वाटते खरी. परंतु तिचे कारण वेळीच शोधणाऱ्या कारकुनाकडून पेढीची मोठी रक्कमही वाचू शकते.