खिडकीतील रोपवाटिका

आश्विन शुद्ध प्रतिपदेस मुंबईतील असंख्य मराठी घरांत, मग ते घर लालबागच्या चाळीतील असो वा शीवच्या जुन्या तीनमजली इमारतीतील, देवापुढे परडीत अगर पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात, मधोमध घट बसवितात, आणि नियमाने पाणी शिंपडून दसऱ्यापर्यंत त्या धान्याला वीतभर उंचीचे अंकुर आणतात. देवघराच्या काळोखात वाढलेले ते अंकुर पिवळेधमक, लुसलुशीत आणि नाजूक असतात. पूजेत त्या पिवळेपणाला मान आहे, आणि दसऱ्याला ते टोपीत किंवा केसांत खोवण्याची वहिवाटही आहे. परंतु त्याच पंधरवड्यात, पाऊस मुंबईतून काढता पाय घेत असताना, टोमॅटो, वांगी, मिरची आणि कोबी यांचे बी पेरण्याची मुदत सुरू होते. आणि घटापुढे जे शुभलक्षण ठरते तेच या भाज्यांच्या रोपांत दिसू लागले, तर रोप जगण्याची आशा फार थोडी उरते.

बीज आणि रोप यांच्या गरजा मुळातच भिन्न आहेत. बीजाला ऊब हवी आणि ओल हवी. रोपाला उजेड हवा आणि वारा हवा. मुंबईच्या हवेने पहिल्या दोहोंची तरतूद मुबलक करून ठेवली आहे, दुसरी दोन मात्र दाट वस्तीत प्रयत्नाने मिळवावी लागतात. थंड देशांत रोपे तयार करणाऱ्याची सारी धडपड उष्णतेसाठी चालते. तेथील पुस्तके वाचून शीवमध्ये बी पेरणारा मनुष्य म्हणूनच चुकीच्या ठिकाणी खबरदारी घेतो, आणि खऱ्या धोक्याच्या जागी त्याच्याकडून हयगय होते.

बियाण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. कांद्याचे बी वर्षभरात निकामी होऊ लागते, मिरचीचे सुमारे दोन वर्षे तग धरते, टोमॅटो आणि वांग्याचे नीट कोरडे ठेवल्यास तीन-चार वर्षेही उगवते. शंका असल्यास दहा-वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, आणि निम्म्याहून कमी बियांना मोड आले तर ते पाकीट बाजूला सारावे. संकरित वाणाच्या फळातले बी पुढील वर्षासाठी धरू नये, कारण त्याची संतती मूळ वाणासारखी निपजत नाही. देशी वाणाचे मात्र अवश्य धरावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी घरच्या गावरान बियाण्यांचा जो संग्रह उभा केला, आणि ज्यासाठी त्यांना पद्मश्री देण्यात आली, त्याचे मोल शहरातल्या माणसालाही कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कारण वाण टिकतो तो दरसाल कोणीतरी तो पेरतो म्हणूनच.

पालक, मेथी, माठ, मुळा, भेंडी, गवार यांना रोपवाटिकेची गरज नाही. ही पिके जेथे वाढायची तेथेच पेरावीत. मुळ्याला तर हलविणे मुळीच सोसत नाही. ज्यांचे बी बारीक आणि बालपण दीर्घ, अशा टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा, कोबी, फुलकोबी यांच्यासाठी हा सारा खटाटोप.

माती निचऱ्याची हवी. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात मिसळले म्हणजे भागते. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे पालापाचोळ्यातून सकस माती घडविण्याची जी दृष्टी महाराष्ट्राला दिली, ती शहरी गच्च्यांपर्यंत पोहोचली; मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उपाहारगृहातील ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली, हा तर गोदीच्या सिमेंटात घडलेला दाखला आहे. भोके पाडलेल्या करवंट्या, दह्याचे डबे, चहाचे कागदी पेले, काहीही चालते. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर टाकावे, अधिक नाही. टोमॅटोचे म्हणजे अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरवर. कोबी तीन ते पाच दिवसांत, टोमॅटो आठवड्याच्या आत, वांगी त्यानंतर, आणि मिरची आठ-दहा दिवस वाट पाहावयास लावून वर येते. टोमॅटोचा अंकुर प्रथम मान वाकवून, आकड्यासारखा, पाठीने माती उचलीत वर येतो. मग मान सरळ होते आणि दोन लांबट बीजपत्रे उलगडतात. कधी बियाचे लवदार टरफल त्या पानांच्या टोकाला टोपडे होऊन अडकून राहते. ते ओढू नये, पाण्याचा थेंब लावून मऊ होऊ द्यावे.

या क्षणापासून ऊब आणि ओल यांचा अंमल संपून उजेडाचा सुरू होतो, आणि येथे शीवच्या घरांचा इतिहास आडवा येतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. दादर, माटुंगा आणि शीवची आखीव वस्ती ही त्याच संस्थेची कामगिरी, आणि शीवच्या पूर्वेकडील जुने रहिवासी आजही पत्त्यात ‘स्कीम सहा’ असे लिहितात. ट्रस्टचे अध्यक्ष जेम्स ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर एक व्याख्यान दिले, आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला: खिडकीसमोरची इमारत त्या कोनाहून अधिक आभाळ अडविणारी नसावी, म्हणजेच मधली मोकळी जागा निदान तिच्या निम्म्या उंचीइतकी असावी. माणसाच्या आरोग्यासाठी घातलेली ही मर्यादा रोपाला मात्र पुरेशी नाही. मुंबई सुमारे एकोणीस अक्षांशावर असल्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे बासष्ट अंशांवर असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत उतरतो. म्हणून समोरची इमारत नियमाने मुभा दिलेल्या पूर्ण उंचीची असेल, तर तळमजल्याच्या दक्षिणाभिमुख खिडकीतून दुपारचे ऊन नेमके रोपांच्या जन्माच्या वेळीच नाहीसे होऊ लागते. उलट वरच्या मजल्याच्या त्याच दिशेच्या गॅलरीत, जेथे जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे असल्यामुळे थेट ऊन शिरत नव्हते, तेथे हिवाळ्यात ते खोलवर येते. पेरण्यापूर्वी एक दिवस आपल्या खिडकीत ऊन कोणत्या वेळी येते आणि कधी जाते, हे पाहून ठेवण्याइतके उपयुक्त काम दुसरे नाही. पाच-सहा तास थेट ऊन मिळाले तर उत्तम. तेवढे नसेल तर रोपे शेजाऱ्यांच्या संमतीने गच्चीवर न्यावीत, नाहीतर पांढऱ्या एलईडी नळीखाली, वीतभराच्या आत, दिवसाचे चौदा तास ठेवावीत. उजेडाला भुकेलेले रोप दोन-तीन दिवसांतच सुतासारखे लांबते, खिडकीकडे कलते, आणि एकदा असे किडकिडीत झालेले खोड पुढे कितीही ऊन दिले तरी आखूड होत नाही.

दुसरा शत्रू अदृश्य आहे. संध्याकाळी टवटवीत असलेली रोपे सकाळी ओळीने आडवी पडलेली दिसतात. वाकून पाहिले तर पाने अजून हिरवी असतात, पण मातीलगतचे खोड पाणचट, तपकिरी आणि चिमटीत धरल्यासारखे बारीक झालेले असते. पिथियम व तत्सम बुरशींचा हा मररोग, आणि त्याला आमंत्रण देणारा बहुधा प्रेमळ हातच असतो, कारण दाट पेरणी, कोंदट हवा आणि दिवसातून दोनदा घातलेले पाणी यांवरच तो पोसला जातो. कोकणातला शेतकरी भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ आणि गवत यांचे थर रचून राब भाजतो. त्या उष्णतेने तण आणि मातीतले रोगजंतू बरेचसे नष्ट होतात आणि राखेचे खतही मिळते. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह या पद्धतीची शास्त्रीय तपासणी करून १९१२ साली ती प्रसिद्ध केली. गॅलरीत राब भाजता येत नाही; परंतु जुनी माती वापरावयाची असल्यास ती ओली करून मे महिन्याच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवून ठेवता येते, आणि पेरताना बियाला ट्रायकोडर्मा ही रोगरोधक बुरशी चोळता येते. पाणी वरून न ओतता डबे उथळ ताटलीत ठेवून खालून शोषू द्यावे, मातीचा पृष्ठभाग सुकल्यावाचून पुन्हा देऊ नये, आणि घरातला पंखा दिवसाकाठी तास-दोन तास मंद गतीने रोपांवर फिरू द्यावा. त्या हलण्याने खोड जाड होते. दाट उगवलेली रोपे विरळताना उपटू नयेत, शेजारच्या मुळांना धक्का बसतो; कात्रीने मातीलगत कापावीत. हे करताना मन कचरते, पण एका पेल्यात दोन रोपे राखण्याची दया दोघांच्याही मुळावर येते.

बीजपत्रांनंतर येणारी पाने ही खरी पाने. तशी चार-पाच आली, की रोप आठवडाभर हळूहळू काटक करावे: पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात तासभर, मग दोन, मग अर्धा दिवस, आणि पाणी बेताने. ऑक्टोबरच्या मध्यास पेरलेला टोमॅटो चार आठवड्यांत कुंडीत जाण्याजोगा होतो. लागण सायंकाळी करावी, रोप खोडाने न धरता पानाने धरावे, आणि टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल पुरावा, कारण त्याच्या पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. वांग्याला ही मुभा नाही. ते पूर्वी होते त्याच पातळीवर बसवावे. दोन-तीन दिवस दुपारची सावली द्यावी. मिरचीला मात्र त्यानंतर आणखी दोन आठवडे त्या खिडकीतच काढावे लागतात.