भाषाध्यापकाची पात्रता आणि द्वितीय भाषेचा वर्ग : पुण्याच्या संदर्भात काही निरीक्षणे

विद्यापीठीय स्तरावर भाषाविषयाच्या अध्यापकाची निवड करताना त्याचे साहित्याचे ज्ञान कसून तपासले जाते. भाषा ज्याची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्याला ती शिकविण्याचे कौशल्य मात्र क्वचितच तपासले जाते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार पुणे शहराच्या संदर्भात केला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण व नेट वा सेट ही सर्वसाधारण अट आहे. नेटच्या विषयसूचीत मराठी, इंग्रजी, जर्मन, जपानी तसेच भाषाविज्ञान हे स्वतंत्र विषय आहेत. द्वितीय भाषा-अध्यापन हा विषय नाही. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातील दहा घटकांपैकी केवळ एका घटकात भाषेच्या मूलभूत संकल्पना, अध्यापनपद्धती आणि व्यवहारातील इंग्रजी यांची एकत्र बोळवण झाली आहे. नाटक, काव्य, कथनात्म साहित्य यांना मात्र स्वतंत्र घटक लाभले आहेत. आणि या परीक्षेतून आलेल्या अध्यापकाच्या वाट्याला पहिल्या वर्षी बहुधा येतो तो वाणिज्य शाखेचा अनिवार्य इंग्रजीचा वर्ग !

मराठीच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त पुण्यात आलेला हिंदीभाषक 'पाऊसमध्ये' असे म्हणतो. ते चूक आहे हे कोणीही मराठी माणूस सांगेल. परंतु प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, म्हणून 'पावसात', हे क्रमाने शिकवावे लागते. हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने 'ते पुस्तक', 'ते झाड' त्याला अडखळवतात. 'आपण' आणि 'आम्ही' यांतील भेद, 'चहा' व 'चाक' यांतील 'च'चे दोन उच्चार हे मातृभाषकाच्या सहसा लक्षातही येत नाहीत. ज्ञानेश्वरीवरील प्रभुत्व येथे फारसे उपयोगी पडत नाही.

या प्रकारच्या अध्यापनाची परंपरा पुण्यात नाही असे नव्हे. १९६९ मध्ये म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि त्याचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या परिसरात आले. त्रिभाषा सूत्राच्या अंमलबजावणीसाठी अन्य राज्यांतील सेवेत असलेल्या शिक्षकांना येथे दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातून मराठी, गुजराती वा सिंधी शिकविली जाई. ध्वनी, वाक्यरचना, संभाषण, लेखन या क्रमाने प्रौढ व्यक्तीला भाषा शिकविण्याचा अनुभव त्यातून साठत गेला. परंतु महाविद्यालयीन नेमणुकीच्या नियमांत या अनुभवाला स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

यामागे कार्यभाराचे गणित आहे. सहायक प्राध्यापकाचे पद आठवड्याला १६ तासांच्या अध्यापनावर उभे राहते. अमराठी विद्यार्थ्यांसाठीचे वर्ग बहुधा अल्पमुदतीचे व स्वयंअर्थसहाय्यित असल्याने ते या गणितात बसत नाहीत. परिणामी ते काम तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे जाते. तो वर्षभर साहित्य तयार करतो, चुकांच्या नोंदी ठेवतो. पुढील वर्षी तो नसला की नोंदीही त्याच्याबरोबर जातात.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य केली, तेव्हापासून अमराठी मुलांना मराठी शिकवू शकणाऱ्या शिक्षकांची गरज वाढली आहे. त्यांना घडविणारा अध्यापक विद्यापीठातच हवा. किमान मुलाखतीच्या वेळी उमेदवारास एखादी कविता शिकविण्याऐवजी दोन-तीन अमराठी विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटे सामान्यरूप शिकविण्यास सांगता येईल. त्यासाठी कोणत्याही नव्या पदाची मंजुरी लागत नाही.