‘ब्रेक फेल’ ही सबब कोणाची?

पुण्याच्या नवले पुलावर पुन्हा तेच झाले आणि पुन्हा तेच दोन शब्द कानावर आले: ब्रेक फेल. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी साताऱ्याकडून उतारावर सुटलेल्या कंटेनरने समोर येईल त्या वाहनाला उडवले. एक मोटार दोन अवजड गाड्यांमध्ये सापडून पेटली आणि आठ जणांचा जीव गेला. उतार, सेवा रस्ता, वेगमर्यादा आणि कॅमेरे यांवर तेव्हापासून इतके छापून आले आहे की त्यात भर घालण्यात अर्थ नाही.

मला बोलायचे आहे ते त्या दोन शब्दांबद्दल. चहाच्या टपरीवर ‘ब्रेक फेल झाला’ म्हटले की चर्चा संपते. जणू वीज पडली, दरड कोसळली, आता बोलणार कोणाला? गेलेल्या माणसाच्या घरचेही हीच समजूत उराशी धरून बसतात. दहाव्याला आलेला कोणी जाणता नातेवाईक सांगतो, ‘ब्रेकच गेले, ड्रायव्हरची काय चूक, कोर्टात काही टिकायचे नाही.’ हा सल्ला फुकट मिळतो, पण फार महागात पडतो.

आधी ब्रेक जातात म्हणजे काय होते ते पाहू. अवजड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथे खालच्या गिअरमध्ये उतरायचे असते, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकली तर सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक वेळी पाय मारला की टाकीतली हवा कमी होत जाते. त्यात गाडीत पासिंगपेक्षा जास्त माल असेल तर बोलायलाच नको. शेवटच्या वळणावर ड्रायव्हर म्हणतो ते खरेच असते, ब्रेक लागत नाहीत. पण ती वेळ येण्याआधी कोणीतरी, कुठेतरी काहीतरी केलेले असते किंवा करायचे टाळलेले असते. याच जागी २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका टँकरने ४८ वाहनांना धडक दिली होती. तेव्हाही आधी ब्रेक फेलच ऐकू आले. प्राथमिक तपासानंतर मात्र उतारावर गाडी न्यूट्रलला टाकल्याची गोष्ट पुढे आली.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन हा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ साली त्याचा निकाल लागला. लॉरीमालकांचे म्हणणे होते की गाडीत यांत्रिक बिघाड झाला, त्याला आम्ही काय करणार? न्यायालय म्हणाले, बिघाड झाला हे तुम्ही सिद्ध करा. शिवाय सगळी वाजवी काळजी घेऊनही तो बिघाड लपून राहिला होता, हेही तुम्हीच सिद्ध करा. मालकांना ते जमले नाही. (त्याच निकालात हलगर्जी सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही असेही म्हटले आहे आणि विमा कंपन्यांचे वकील तेवढेच वाक्य आवडीने वाचतात.)

त्याहून मला आवडतो तो इंग्लंडमधला १९६९ सालचा हेंडरसन खटला. उतारावर एका लॉरीचे ब्रेक गेले आणि उभ्या गाडीतून उतरणारा एक माणूस तिच्याखाली सापडला. तपासात ब्रेकची नळी गंजून फुटलेली आढळली, तीही नेमकी अशा जागी की गाडी खोलल्याशिवाय दिसू नये. मालक म्हणाले, दिसणारा भाग आम्ही नेमाने तपासत होतो, न दिसणाऱ्या भागाचे काय करणार? हाऊस ऑफ लॉर्ड्सने उलटा प्रश्न विचारला. ही लॉरी आजवर कुठे चालली आणि तिने काय वाहिले? समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत फिरली का, नळी खाणारी रसायने तिच्यातून गेली का? हे सांगायला मालकांनी एकही साक्षीदार उभा केला नव्हता. हरले. गाडीची कुंडली गाडीच्या मालकाकडे असते, मेलेल्याच्या बायकोकडे नसते, इतकी साधी ती गोष्ट आहे.

म्हणून दावा लढवणाऱ्या वकिलाने मालकाकडे मागायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लायनर शेवटचे कधी बदलले, कोणत्या गॅरेजमध्ये, बिल कुठे आहे, गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, त्या फेरीत काट्यावर वजन किती भरले? शिवाय फास्टॅगच्या नोंदी. गाडी कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली हे तिथे मिनिटासह असते आणि ड्रायव्हर किती तास सलग चाकावर होता, याचा अंदाज त्यातूनच येतो. अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो, त्याचा अहवाल तर सर्वांत आधी हवा. अनेकदा त्यात ब्रेकच्या रकान्यात ‘नुकसानीमुळे तपासणी शक्य नाही’ एवढेच खरडलेले असते. ते वाचून हताश व्हायचे कारण नाही. ब्रेक तपासता आले नाहीत तर सिद्ध करायचे राहून गेले ते मालकाचे.

पोलिसांकडून येणाऱ्या कागदांबाबत नियम कागदावर उत्तम आहेत. १ एप्रिल २०२२ पासून तपास अधिकाऱ्याने अपघाताची पहिली खबर ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायची, जखमींना किंवा वारसांना १० दिवसांत त्यांच्या हक्कांचा छापील नमुना द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल दाखल करायचा. त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानावे अशी कायद्यात तरतूद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सारे काटेकोर पाळा असे बजावले. तुमच्या ओळखीत कोणाला तो हक्कांचा नमुना पोलिसांनी आपण होऊन घरी आणून दिला आहे का? मला तरी असा माणूस भेटलेला नाही. लोक अजून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि पीएम रिपोर्टच्या झेरॉक्ससाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात.

आता पैशांचे. भरपाई म्हणजे न्यायाधीशांची मर्जी, असा समज आहे. तसे ते बरेचसे होतेही. २००९ साली सरला वर्मा खटल्यात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने त्यात भविष्यातील वाढीची टक्केवारी बसवली. हिशेब करून पाहू. समजा, ३४ वर्षांचा गॅरेजवाला, महिना १८ हजार मिळवणारा, मागे बायको, दोन मुले आणि आई. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून ४० टक्के वाढ धरायची: २५,२०० रुपये. वर्षाचे झाले ३,०२,४००. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले २,२६,८००. वयाचा गुणक १६. एकूण ३६,२८,८०० रुपये. त्यावर सहवास गमावल्याबद्दल प्रत्येक वारसाला आणि अंत्यविधी वगैरेंसाठी ठरलेल्या रकमा, शिवाय अर्ज केल्या तारखेपासून व्याज.

या सगळ्या गणिताचा पाया आहे तो पहिला आकडा, १८ हजार. तो शाबीत करायला कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते. ते ९ हजार धरले की भरपाई निम्मी, १८,१४,४००. बिलबुक, बँकेचे पासबुक, गाळ्याचे भाडे, स्पेअर पार्ट उधार देणाऱ्या दुकानदाराची खतावणी, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, यातले काहीही चालते. तेराव्यानंतर घर आवरताना हीच वही रद्दीत जाते. कृपा करून टाकू नका.

गृहिणी गेली तर ‘कमावती नव्हती’ हे वाक्य आता न्यायालयात चालत नाही. २०२१ च्या कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीतला आकडा निकालपत्रातच मांडला: बाई घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. जखमींच्या बाबतीत रवींद्रन यांचाच राजकुमार खटल्यातला दृष्टांत लक्षात ठेवावा असा आहे. डावा हात तुटला, वैद्यकीय मंडळाने ६० टक्के अपंगत्व लिहिले. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई पूर्णच बुडाली, पण सरकारी कारकून असेल तर पगार कदाचित तसाच राहील. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी वाचून थांबायचे नाही, त्या हाताने तो माणूस काय करत होता ते सांगायचे.

सर्वांत मोठा खड्डा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खाली चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पैसे लवकर मिळतात, घरात चूल पेटवायची असते, माणूस सही करून मोकळा होतो. पण ही रक्कम तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. वरच्या गॅरेजवाल्याच्या बायकोने पाच लाखांवर सही केली तर तिने छत्तीस लाखांवर पाणी सोडले. (मुख्यमंत्री निधीची मदत ही यातली नव्हे. ती मदत आहे, भरपाई नाही.) ज्याला खरोखरच काही शाबीत करता येण्यासारखे नाही त्याच्यासाठी हे कलम वरदान आहे. नवले पुलासारख्या अपघातात ते घाईने स्वीकारणे मला तरी आत्मघात वाटतो.

ड्रायव्हरचा परवाना बोगस होता, परमिट संपले होते, असे विमा कंपनी म्हणते तेव्हाही वारसांनी घाबरू नये. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असे आदेश सर्रास होतात. अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि दोष दोघा-तिघांचा असला तरी, २०१५ च्या खेनयेई निकालानुसार, ज्याची काही चूक नाही तो कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. आपापसातला हिशेब त्यांनी नंतर करावा. दावाही अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असे नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो. लातूरच्या माणसाला तारखेसाठी पुण्याला यायची गरज नाही.

नवले पुलावर मेलेल्यांत त्या कंटेनरचा चालक आणि क्लिनरही होते, हे चर्चेत कोणाच्या ध्यानात राहत नाही. स्वतःच्या चुकीने मेलेल्या ड्रायव्हरच्या घरच्यांना कलम १६६ उपयोगी पडत नाही. पण तो कोणाच्या तरी नोकरीत होता. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली त्याची बायको मालकाकडे भरपाई मागू शकते आणि तिथे साध्या हलगर्जीचा प्रश्न मृत्यूच्या बाबतीत आड येत नाही. ज्याने माल वेळेत पोचवण्याचा तगादा लावला आणि ज्याने जादा टन भरले, ते मात्र या दोन्ही दाव्यांत सहसा प्रतिवादी म्हणून दिसतच नाहीत. ट्रकच्या नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव तो मालक, तिथेच साखळी तुटते. हे मला पटत नाही.

राहिला मुदतीचा प्रश्न. १९९४ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्याची मुदतच काढून टाकली होती. २०१९ ला ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज केला पाहिजे, असे कलम १६६(३) सांगते. तीन महिने अतिदक्षता विभागात काढलेल्या माणसाला सहा महिने किती पुरतात, हे ज्याने लिहिले त्याने रुग्णालय पाहिलेले नसावे. या तरतुदीला आव्हान देण्यात आले आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की त्याचा निकाल लागेपर्यंत कोणताही दावा केवळ मुदतीच्या कारणाने फेटाळू नये. जुने दावे मुदतीपायी अडकले असतील त्यांनी आपल्या वकिलाला हे आजच विचारावे. पण अंतरिम आदेश तो अंतरिमच. नवले पुलावरच्या अपघाताला सहा महिने १३ मे २०२६ रोजी पूर्ण होतात.