घड्याळ मागे न नेण्याची शिस्त

डेव्हिड मिल्स 17 जानेवारी 2024 रोजी निवर्तले, आणि संगणकांची घड्याळे एकमेकांशी जुळवून ठेवण्याची जी पद्धत त्यांनी घालून दिली तिच्यावर ज्यांचा सारा व्यवहार अहोरात्र चालतो, अशा कचेऱ्यांतही त्यांचे नाव क्वचितच कुणाला ठाऊक असल्याचे आढळले. ही उपेक्षा मनाला लागून राहिली, म्हणून हा मागोवा.

आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये दाखवून दिले की परस्परांपासून दूर असलेल्या यंत्रांत अगोदर काय घडले आणि मागाहून काय, हाच मूलभूत प्रश्न होय. 1985 मध्ये मिल्स यांच्या पद्धतीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. आणि 1987 मध्ये व्हिएन्नाचे हेर्मान कोपेट्झ यांनी रिअल-टाइम यंत्रणांतील घड्याळांचा स्वतंत्र विचार मांडला. समित्या आणि आवृत्त्या यांचा पुढचा तपशील नीरस आहे, तो मी वगळतो.

आमचे दशक 1990 नंतरचे. वीज-उपकेंद्रांसाठी नियंत्रक बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा नोकरीस होतो. प्रत्येक पेटीत एक स्फटिक असे, त्याच्या कंपनांवरून दर दहा मिलिसेकंदांनी एक टिक पडे, आणि त्या टिकेच्या तालावर रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम कोणते काम केव्हा उठवायचे ते ठरवी. दशलक्ष सेकंदांत वीस सेकंदांची चूक करणारा स्फटिक बाजारात चांगला समजला जाई. परंतु तेवढ्या चुकीनेही दिवसाकाठी पावणेदोन सेकंदांची तफावत पडते, आणि पत्र्याच्या शेडमधील उन्हाने ती वाढते. एका बिघाडाच्या चौकशीत दोन पेट्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा ब्रेकर उघडल्याची वेळ 14:07:32.418 आणि तो उघडण्याचा हुकूम रिलेने दिल्याची वेळ 14:07:32.431 अशी निघाली. कार्य कारणाच्या अगोदर घडल्याचा लेखी पुरावा समोर असता चौकशी कशाच्या आधारे करावी?

व्यवस्थापनाने यावर फर्मान काढले की रोज मध्यरात्री सर्व घड्याळे मुख्य घड्याळाबरहुकूम एकदम बदलावीत. आम्ही हरकत घेतली, कारण पुढे गेलेले घड्याळ एकदम मागे ओढले की होऊन गेलेला क्षण पुन्हा उगवतो, त्या क्षणासाठी नेमलेले काम दोनदा होते, आणि नोंदींचा क्रम जो दुरुस्त करावयाचा तोच अधिक बिघडतो. आमचा उपाय साधा होता. टायमरच्या रजिस्टरात एका टिकेसाठी 10,000 ही गणना असे. तिच्या जागी 10,001 लिहिली की टिक किंचित लांबते, घड्याळ मंदावते, आणि तेरा मिलिसेकंद पुढे गेलेले घड्याळ 130 सेकंदांत, एकही क्षण न गाळता वा न दुहेरवता, जाग्यावर येते. ग्राहकाची मागणी नाही, असा शेरा मारून तो प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात आला. तो शेरा अन्यायाचा होता असे माझे आजही ठाम मत आहे.

घड्याळाची बारीकशी चूक किती महाग पडते, याचा दाखला दूरचा नव्हता. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रिअट यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि 28 अमेरिकी सैनिक प्राणास मुकले. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत संपत नाही, ती 24 बिटांवर तोडलेली होती, आणि सुमारे शंभर तासांच्या अखंड चालीत त्या तुकड्याचे 0.34 सेकंद झाले. सुधारित प्रणाली तेथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

जन्मापासून काचबिंदूने अधू दृष्टी लाभलेल्या मिल्स यांनी याच दशकात, 1992 साली, आपल्या पद्धतीची तिसरी आवृत्ती सिद्ध केली. कोणत्याही एका घड्याळावर विसंबू नये, अनेकांची साक्ष घ्यावी आणि बहुमताशी न जुळणारे बाजूला सारावे, हा तिचा गाभा. संदेश जाण्याचा आणि येण्याचा विलंब सारखाच, हे तिचे गृहीत. रस्ता विषम असेल तर केवळ त्या संदेशांवरून चूक उमगत नाही, ही मर्यादाही त्यात उघड आहे. इतका निरलस, इतका प्रामाणिक हिशेब आता क्वचितच वाचावयास मिळतो.

2002 साली आलेल्या नव्या मानकाने, नेटवर्कच्या यंत्रभागातच वेळेचा शिक्का मारण्याची सोय झाल्यावर, मायक्रोसेकंदाच्या आतली अचूकता आवाक्यात आणली. ती मोठीच प्रगती होय. परंतु तिच्यासवे मोजण्याची सवय लोपली. अलीकडे वाचनात आलेल्या एका निविदेत उपग्रहाकडून वेळ घेणारी एकच पेटी मागितली होती, आणि तिच्या अँटेनाची तार तुटल्यास पुढे काय, याविषयी अवाक्षर नव्हते. बाल्टिक प्रदेशात उपग्रहांचे संकेत दडपले जाण्याच्या घटना वारंवार घडत असता ही बेफिकिरी अक्षम्य आहे. कारण आमच्या वेळचा तो स्फटिक, एकटा सोडला तर, एका मिलिसेकंदाची मर्यादा अवघ्या 50 सेकंदांत ओलांडू शकतो. दुसरा स्वतंत्र कालस्रोत असावा, आणि यंत्रणा ताब्यात घेण्यापूर्वी अँटेना काढून ती अहोरात्र चालवून पाहावी, या दोन अटी प्रत्येक निविदेत लेखी घातल्या पाहिजेत.