पाच लाखांचं कार्ड आणि तांबी

नांदेडच्या एका विहारात बायांची बैठक होती. वंदना झाली, चहा झाला. मग एका लेकुरवाळीने पिशवीतून कार्ड काढलं आणि आम्हाला विचारलं, "सिस्टर, हे पाच लाखांचं कार्ड हाय म्हणतात. मग तांबी बसवायला खासगी दवाखान्यात पैसे का घेतले? कार्ड खोटं हाय का?"

कार्ड खोटं नाही. ते कशासाठी आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे लातूरच्या बैठकीतही हाच प्रश्न आला. म्हणून या वेळी त्यावरच लिहीत आहोत.

ही विमा योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नांदेड होतं. लातूरसह उरलेल्या महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की रेशनकार्डाचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना तिचा लाभ द्यायचा आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर न्यायची. जुलै २०२४ पासून ते लागू झालं. हे चांगलंच झालं. हृदयाच्या ऑपरेशनपायी, कॅन्सरपायी घरं विकलेली आपण पाहिली आहेत.

पण हा विमा मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्या माणसाचा आहे. यादीतलं ऑपरेशन किंवा उपचार असेल तर पैसे मिळतात. तांबी बसवून बाई तासाभरात घरी जाते. गोळ्यांना, इंजेक्शनला, निरोधला खाट लागत नाही. त्यासाठी कार्ड दाखवून उपयोग नाही आणि दाखवायची गरजही नाही. ही साधनं सरकारी आरोग्य केंद्रात पहिल्यापासून फुकट आहेत :

• तांबी : एक प्रकार ५ वर्षांचा, दुसरा १० वर्षांचा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते.
• अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक.
• छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा.
• माला-एन गोळी : रोज एक.
• निरोध, तसंच ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी : आशाताईंकडेही मिळते.
• नसबंदी : पुरुषांची बिनटाक्याची असते आणि बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. नंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो.

नसबंदी फसून दिवस राहिले तर सरकारी भरपाई आहे. ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून ऑपरेशनचा दाखला रेशनकार्डासोबत जपून ठेवा.

बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत आहे. गरोदर बाईला न्यायला १०२ किंवा १०८ वर गाडी मागवा.

साधन फसलं आणि मूल नको असेल, तर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. बाई लग्नाची असो वा बिनलग्नाची. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका. रक्त थांबेना म्हणून रात्री उचलून आणलेल्या बाया आम्ही वॉर्डात पाहिल्या आहेत.

आता धोक्याची गोष्ट. जिथे फक्त ऑपरेशनला पैसे मिळतात, तिथे ऑपरेशनच सुचवलं जाण्याची भीती असते. जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार आणि छत्तीसगडात गरज नसताना पिशव्या काढल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. आपल्या शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे कारण विम्याचं नव्हतं. कामाचा खाडा, उचलीचं ओझं आणि खासगी दवाखान्याने घातलेली भीती ही कारणं होती. पण धडा एकच आहे. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर कुणी "पिशवी काढा, कार्डात बसतं" म्हणालं, तर सही करू नका. आधी सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा. १५५३८८ वर फोन करा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. बाजूने ११ मतं पडली, विरोधात ५२. ठराव हरला. आज साधनं दाराशी आली आहेत आणि आपण त्यासाठी उसने पैसे काढतो.

तेव्हा एवढं करा. येत्या पौर्णिमेला विहारात आशाताईंना आणि नर्सबाईंना बोलवा. बापे माणसंही समोर बसू द्या. आपल्या आरोग्य केंद्रात तांबी कोणत्या वारी बसवतात, अंतरा शिल्लक आहे का, हे विचारा आणि फळ्यावर लिहून ठेवा. साठा संपला असेल तर पाच-दहा जणींच्या सहीचा अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि त्याची पोच घ्या.

त्या लेकुरवाळीला आम्ही कार्ड परत दिलं. म्हटलं, "माय, हे जपून ठेव. मोठ्या दुखण्याला कामी येईल. तांबीसाठी नुसती तू आलीस तरी पुरे."

जय भीम!