हसत खेळलेला माणूस : सय्यद मुश्ताक अली

रमजान लागला की आपल्या वरणगावात रात्रीचं क्रिकेटही लागतं. तरावीहची नमाज आटोपली की पोरं टोपी घडी करून खिशात घालतात, कुणाच्या तरी ओट्यावरून वायर ओढून दिवा टांगला जातो आणि टेनिस बॉलवर सहा-सहा षटकांचे सामने सुरू होतात. खेळणाऱ्यांत रोजेदार असतात, तसे गल्लीतल्या गणेश मंडळाचे कार्यकर्तेही असतात. सहरीपर्यंत झोपत नाहीत म्हणून घरोघरी ओरड होते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि रात्री हे धावणं, असं म्हणत आया कपाळावर हात मारतात. म्हातारी माणसं मात्र खुर्ची टाकून बघत बसतात आणि बाद कोण, नाबाद कोण यावर पंचापेक्षा मोठ्याने बोलतात.

याच पोरांच्या मोबाइलवर ‘सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी’चे सामने चालू असतात. राज्याराज्यांमधली ही ट्वेन्टी-20 स्पर्धा त्यांना तोंडपाठ आहे. पण हे मुश्ताक अली कोण, असं विचारलं तर ‘असतील कुणी जुने’ एवढंच उत्तर मिळतं. तेव्हा वाचकहो, आज त्या जुन्या माणसाची थोडी ओळख करून घेऊ. ते आपल्यापासून फार लांबचेही नव्हते. मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर करत गाडी वर निघाली की इंदूर येतं. होळकरांचं इंदूर. खानदेशातल्या कितीतरी घरांची सोयरीक आणि खरेदी आजही तिकडे आहे.

17 डिसेंबर 1914 रोजी इंदुरात मुश्ताक अलींचा जन्म झाला. पोर खेळतं कसं हे सर्वांत आधी हेरलं ते कर्नल सी. के. नायडूंनी. नायडू मूळचे नागपूरचे आणि नंतर होळकरांच्या पदरी आलेले. त्यांची शिस्त अशी की भले भले खेळाडू त्यांच्यासमोर हळू बोलत. अशा कडक माणसाच्या हाताखाली भारतातला सर्वांत खट्याळ फलंदाज तयार झाला, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. मुश्ताक संघात आले ते डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. जानेवारी 1934 मध्ये, 19 व्या वर्षी, कोलकात्याला इंग्लंडविरुद्ध त्यांनी पहिली कसोटी खेळली. फलंदाजी ते उजव्या हाताने करत, आणि सलामीला जाऊ लागल्यावर त्यांनी काय केलं, तर वेगवान गोलंदाज धावत येत असताना स्वतःच क्रीज सोडून पुढे चालायला सुरुवात केली. त्या काळी हेल्मेट नव्हतं. प्रशिक्षकांच्या वहीत बसणारी ही फलंदाजी नव्हतीच. ऑफच्या बाहेरचा चेंडू उचलून लेगला मारायचा, गळ्याला रुमाल, चेहऱ्यावर हसू. ऑस्ट्रेलियाच्या कीथ मिलर यांनी त्यांची तुलना हॉलिवूडच्या एरॉल फ्लिनशी केली होती.

1936 चा जुलै महिना, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान. इंग्लंडने 8 बाद 571 वर डाव सोडला होता आणि भारत 368 धावांनी मागे. दुसऱ्या डावात विजय मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला आले. दिवसाचा खेळ संपला तेव्हा एकही गडी न गमावता 190 धावा झाल्या होत्या आणि मुश्ताक 106 वर नाबाद होते. परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय, वय 21. त्या एका दिवसात दोन्ही संघांनी मिळून 588 धावा काढल्या. दुसऱ्या दिवशी मुश्ताक 112 वर बाद झाले, भागीदारी 203 ची झाली, मर्चंट यांनीही शतक पूर्ण केलं आणि सामना अनिर्णित सुटला.

या दौऱ्यातला एक किस्सा जुन्या क्रिकेटलेखनात वारंवार येतो. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार. मर्चंट त्यांना डोळ्यांसमोर नको होते. म्हणून मर्चंटना धावबाद कर, असं सांगून त्यांनी मुश्ताकना सोन्याचं घड्याळ देऊ केलं म्हणतात. मुश्ताकनी ही गोष्ट थेट मर्चंटच्याच कानावर घातली आणि दोघे पोट धरून हसले. गंमत अशी, की त्या कसोटीच्या पहिल्या डावात धावबाद झाले ते स्वतः मुश्ताकच!

हा काळ कोणता होता तेही लक्षात घ्यायला हवं. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने होत. हिंदूंचा संघ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, पारशांचा वेगळा. मर्चंट हिंदूंकडून खेळत, मुश्ताक मुसलमानांकडून. अशी धर्मावर बेतलेली स्पर्धा महात्मा गांधींना पटत नव्हती आणि त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. 1946 नंतर ती बंदच झाली. ज्या वर्षांत बाहेरचं वातावरण रोज बिघडत होतं, त्याच वर्षांत ही जोडी देशासाठी एकत्र सलामीला जात होती. 1936 नंतर दहा वर्षं भारताला कसोटी खेळायला मिळाली नाही. 1946 मध्ये त्याच मँचेस्टरला दोघे पुन्हा उतरले आणि 124 ची सलामी दिली. कसोटीत दोघांनी मिळून अवघे सात डाव सुरू केले, तरी भारताच्या थोर सलामी जोड्यांत त्यांचं नाव निघतंच. फाळणी झाली, पुष्कळ जण गेले, मुश्ताक इंदुरातच राहिले.

होळकर संघाची तर मजाच और. नायडू, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, जगदाळे, भांडारकर, हिरालाल गायकवाड आणि त्यांच्यात मुश्ताक अली. ड्रेसिंग रूममध्ये मराठी किती बोललं जात असेल याचा अंदाज नावांवरूनच यावा. या संघाने 1946 ते 1953 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. 1945-46 च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी 8 बाद 912 धावा केल्या, एका डावात सहा शतकं. त्या सहांत मुश्ताकचं नाव नाही. पण त्याआधीच्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली होती, 109 आणि 139. त्या सामन्यात त्यांच्या बाजूने आणखी एक पाहुणा खेळला, इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. युद्धामुळे तो जवळच महूच्या छावणीत होता. त्याने नाबाद 249 केल्या. जिंकायला 867 हवे होते, होळकरांनी 492 पर्यंत मजल मारली आणि हरले. चौथ्या डावात 492 करून हरलेला संघ आजच्या पोरांना सांगितला तर खरं वाटत नाही.

लोकांचं प्रेम त्यांना किती मिळालं, ते कोलकात्याने दाखवून दिलं. 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसच्या संघाविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळलं, तेव्हा लोकांनी निवड समितीचे प्रमुख दुलीपसिंहजींना घेराव घातला. ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशी घोषणा झाली आणि त्यांना संघात परत घ्यावं लागलं.

आकडेवारी बघून नाक मुरडणारेही आहेत. 11 कसोटी, 612 धावा, दोन शतकं. जरा डोकं शांत ठेवलं असतं तर आणखी पाच-सहा शतकं झाली असती, असं म्हणतात. असेलही. मला ते हिशेब फारसे पटत नाहीत. संयम ठेवणारे फलंदाज त्या काळी पुष्कळ होते. लोक तिकीट काढून ज्याच्यासाठी येत तो हा होता. स्वतःच्या आत्मचरित्राला त्यांनी ‘क्रिकेट डिलाइटफुल’ असं नाव दिलं, यातच सगळं आलं. हल्ली भुसावळ-जळगावकडे दहा वर्षांच्या पोराला कोचिंगला घालून त्याच्या प्रत्येक बाद होण्याचा जाब विचारणारे बाप दिसतात, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या हाती द्यावंसं वाटतं.

खेळ घरात कसा उतरला ते बघा. मुलगा गुलरेझ अली प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला, नातू अब्बास अलीही खेळला. आजोबा, मुलगा, नातू, तिघेही रणजीच्या मैदानावर. स्वतः मुश्ताक पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत प्रथम श्रेणीत खेळत होते. 1964 मध्ये पद्मश्री मिळाली. मुक्काम शेवटपर्यंत इंदुरातच राहिला आणि 18 जून 2005 रोजी, वयाच्या नव्वदीत, तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांची शेवटची कसोटी फेब्रुवारी 1952 मधली, मद्रासची. भारताने कसोटीतला आपला पहिला विजय मिळवला तो याच सामन्यात, इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवून. मुश्ताक तेव्हा 37 वर्षांचे होते. 22 धावांवर बाद झाले. धावफलकावर नोंद आहे : यष्टिचीत. म्हणजे शेवटच्या चेंडूलाही क्रीज सोडून पुढेच गेले होते.