जवळ, नजीक आणि निकट

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीत 'प्रॉपिन्क्विटी' असा एक भारदस्त शब्द आहे. तो रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. मूळ लॅटिन भाषेतून आलेल्या या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ, जागेची किंवा काळाची जवळीक. दुसरा अर्थ, नातेसंबंध. जो जवळ तो आपला, ही कल्पना तुम्हांला नवी नाही. उर्दूत 'करीब' म्हणजे जवळ आणि 'कराबत' म्हणजे नाते. मराठीतही आपण 'जवळचे नातेवाईक' म्हणतोच.

जवळीक दाखवणारा मराठीतील 'नजीक' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. फारसीतील 'नजदीक' मराठीत 'नजीक' झाला. १४९० मध्ये स्थापन झालेल्या निजामशाहीच्या दरबारात फारसी भाषा चाले. अशा राजवटींमुळे कितीतरी फारसी शब्द मराठीत रुळले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात 'नजीक' गावांच्या नावांतही आहे. नेवासा तालुक्यात नजीक चिंचोली आणि शेवगाव तालुक्यात नजीक बाभूळगाव आहे. या शब्दातील 'जी'चा उच्चार 'जीवन'मधल्या 'जी'सारखा करा.

आता वापर पाहू. 'स्कूल के नजदीक' हे उर्दूत सुटे लिहितात. मराठीत मात्र 'शाळेजवळ', 'किल्ल्याजवळ', 'शहरानजीक' असे जोडून लिहितात. जोडताना मूळ शब्दाचे रूप बदलते, हे लक्षात ठेवा. 'मेरे पास किताब है' याचे मराठी 'माझ्याजवळ पुस्तक आहे' असे होते.

येथे एक सावधगिरी हवी. उर्दूत 'मेरे नजदीक यह बात दुरुस्त है' असे म्हणतात. त्याचे मराठी 'माझ्याजवळ ही गोष्ट बरोबर आहे' असे केले, तर वाचणारा गोंधळेल. तेथे 'माझ्या मते ही गोष्ट बरोबर आहे' असेच लिहावे.

'निकट' आणि 'सान्निध्य' हे संस्कृत शब्द लेखनात अधिक येतात. 'परीक्षा निकट आली', 'थोरांच्या सान्निध्यात राहावे' अशी वाक्ये तुम्ही वाचाल. 'सान्निध्य' म्हणजे नुसते अंतर कमी असणे नव्हे, तर सहवास.

मित्रांनो, उर्दू आणि मराठी शेजारी भाषा आहेत. ओळखीचा शब्द भेटला की आनंद माना. पण तो येथे कोणत्या अर्थाने आला आहे, हेही तपासून पाहा.